घरची कॅसेट शेवटी

अख्ख्या भिलईत माझ्या धाकट्या दिरांनी जेवढी लग्नं पाहिली आहेत, तेवढी कोणा भंतेजीनं, भटजीनं किंवा मंडपवाल्यानंही पाहिली नसतील, आणि त्यातल्या एकाही लग्नाचं त्यांना आमंत्रण नव्हतं. ही सगळी लग्नं त्यांनी जुनवानीच्या आमच्या घरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, पंख्याखाली बसून पाहिली. लोकांच्या माळ्यावर पंचवीस-तीस वर्षं पडून राहिलेल्या व्हिडिओ कॅसेटी ते आपल्या जुन्या व्हीसीआरमध्ये लावतात. तिथून लाल, पिवळी आणि पांढरी अशा तीन वायरी काडेपेटीएवढ्या एका डबीत जातात, डबीतून कॉम्प्युटरमध्ये, आणि तिथे त्या लग्नाची फाइल होते. मग ती पेनड्राइव्हमध्ये घालून ज्याची त्याला परत. सांगायला एवढंच आहे. पण तीन तासांची कॅसेट भरायला पुरे तीन तास लागतात, त्यात एक मिनिट कमी करता येत नाही, आणि ते तीन तास माझे दीर खुर्चीवरून हलत नाहीत.

मी चौथी शिकलेली बाई. मशीनबद्दल इथे काही चुकीचं लिहिलं गेलं, तर त्यांनीच मला तसं सांगितलं होतं असं समजावं. माझे दीर चौतीस वर्षं प्लांटात, म्हणजे इथल्या पोलाद कारखान्यात होते, लोखंडाच्या भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये. तिथला नियम असा, की आपली पाळी संपली तरी पुढचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन खुर्चीवर बसल्याशिवाय उठायचं नाही. घरी पाहुणे असोत की पोटात कळ येवो. रिटायर होऊन पुष्कळ वर्षं झाली, भट्टीवर आता दुसरी माणसं आहेत, पण तो नियम दीर आपल्यासोबत घरी घेऊन आले. जुनी टेप कधी अडकेल सांगता येत नाही. अडकली की तेव्हाच्या तेव्हा बटण दाबावं लागतं, नाही तर मशीन ती चावून टाकते. म्हणून चालत्या टेपसमोर माणूस पाहिजेच, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नाही. पण त्यासाठी पायात प्लांटचे जाड बूट घालून, शर्ट खोचून, खिशाला पेन लावून बारा पायऱ्या चढून ड्युटीवर जायची काय गरज आहे, हे मला अजून कळलेलं नाही. डबासुद्धा नेतात. खाली माझं स्वयंपाकघर, वर त्यांची खोली, आणि हा माणूस सकाळी माझ्याकडून डबा भरून घेतो. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, खाली येऊन गरम खा ना." तर म्हणाले, "वैनी, मंग खुर्चीवर कोण बसन?"

म्हणून मी बसायला लागले. आमचे हे गेल्यापासून दुपारी मला तसंही काही काम नसतं. पण बसायला लागले असं म्हणणं सोपं आहे, आधी माझं आठ दिवस ट्रेनिंग झालं. कोणतं बटण थांबवायचं, कोणतं चालू करायचं, कॉम्प्युटरवरचा लाल ठिपका विझला तर काय करायचं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचा काढला की एकाचाच, हेही विचारून झालं. आम्ही सून आणली तेव्हा तिची एवढी चौकशी केली नव्हती. त्यांच्या टेबलावर एक लांब वही असते, प्लांटच्या लॉगबुकसारख्या रेघा मारलेली. नंबर, नाव, गाव, टेपची तब्येत, सुरू किती वाजता, बंद किती वाजता, आणि शेवटी शेरा. पहिल्या दिवशी मी शेरा लिहिला, "नवरी चांगली. नवरदेव बुटका. जेवणात बुंदी. सव्वाचारला करवली पडली." त्यांनी येऊन वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"वैनी, हे काय लिहून ठेवलं?"

"जे झालं थे लिहिलं."

"मशीनचं लिहाचं असते. चित्र हाललं का, आवाज बरोबर आला का."

"चित्र नाही हाललं. करवली हालली."

खोडायला त्यांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं, कारण लॉगबुकात लिहिलेलं खोडायचं नसतं. ती करवली त्या वहीत अजून पडलेली आहे.

टेपची तब्येत म्हणजे मुख्यतः बुरशी. इतकी वर्षं दमट माळ्यावर पडलेल्या टेपेवर पांढरी बुरशी चढते, तशीच लावली तर मशीनही खराब होते. म्हणून आधी ती वाळवायची, मग स्पिरिटचा बोळा लावून हातानं इंच इंच पुसायची. ही टेप पसरली तर गल्लीच्या त्या टोकापर्यंत जाऊन परत येईल एवढी लांब असते, आणि दीर ती बोटानं फिरवत पुसतात. एका कॅसेटीला कधीकधी चार दिवस जातात. पुसण्याबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार वाळवण्याबद्दल आहे. एकदा मी चार दिवस गोंदियाला गेले होते. परत आले, भात लावायला तांदळाच्या कोठीत माप घातलं, तर ते टणक कशावर तरी आपटलं. हात घालून काढलं तर कापडी पिशवीत बांधलेल्या कॅसेटी. एक नाही, सात.

"भाऊजी, हे काय पेरलं तुमी?"

"पेरलं नाही. ओल काढून राहिलो. तांदूळ ओल खेचते."

"आन् मी खाऊ काय?"

"तांदळाले काही नाही होत, वैनी."

तांदळाला खरंच काही झालं नाही. पण आठवडाभर आम्ही कोणाकोणाच्या लग्नाचा भात खाल्ला ते आम्हालाच माहीत नाही. नंतर त्यांनी कॅसेटींसाठी वेगळी कोठी आणली, वेगळे तांदूळ आणले. ते आमच्या खायच्या तांदळापेक्षा चांगले होते.

दुसरी तक्रार मिक्सरची. टेप चालू असताना खाली मिक्सर लावायचा नाही, त्यानं चित्रावर रेघ येते. मी म्हटलं, एवढ्या लांबून कशी येईल, आणि एक दिवस चटणी वाटायला घेतली. वरून बुटांचा आवाज. ते खाली आले नाहीत, खुर्ची सोडता येत नाही ना, जागीच पाय आपटले. वैशाली नगरात एक जोडपं आहे, त्यांच्या वरमालेच्या वेळी नवरदेवाच्या तोंडावरून एक पांढरी रेघ सरसर जाते. ती माझ्या शेंगदाण्याच्या चटणीची आहे. तेव्हापासून आमच्या घरी चटणी सकाळी आठच्या आत.

लग्नं म्हटलं तरी ती काही आपलीच नसतात. प्लांटात देशभरातून माणसं आली, तशा कॅसेटीही सगळीकडच्या येतात. तेलुगू लग्नं, मल्याळी लग्नं, छत्तीसगढी लग्नं, सरदारांची गुरुद्वाऱ्यातली लग्नं, आपल्या विहारातली लग्नं. भाषा समजो न समजो, माझे दीर सगळी सारख्याच डोळ्यांनी पाहतात, आणि एकदा पाहिलेला माणूस विसरत नाहीत. बाजारात एक मल्याळी बाई भेंडी निवडत होती, डोक्यावरचे केस पांढरे झालेले. दीर तिच्यापुढे जाऊन हात जोडून उभे. "आपके मामाजी अब कैसे हैं? रसम तीन बार लिए थे." बाई घाबरून माझ्याकडे पाहायला लागली. मी तिला सांगितलं, तुमच्या लग्नाची टेप यांनीच भरली, तुमच्या मुलानं आणून दिली होती. मग ती हसली आणि म्हणाली, "मामाजी को गुज़रे तो बीस साल हो गए, अंकल." दिरांचा चेहरा उतरला. घरी आल्यावर मी म्हटलं, जो माणूस वीस वर्षांपूर्वी मेला, त्याचं आज काय घेऊन बसले. तर म्हणाले, "माह्यासाठी परवाच तं रसम वाढून घेत होता." मी पिशवीतली भाजी काढायला लागले.

मी कोणाची फार तारीफ करत नाही, पण एका गोष्टीत मी ह्या माणसाला मानते. ते टेपेतलं काही कापत नाहीत. लोक फार सांगतात. अमक्याशी आता बोलणं नाही, त्याला काढा. जावयानं मुलीला टाकलं, त्याला काढा. अहिवाऱ्याहून एक जण आले होते, चुन्याच्या खाणीत नोकरी केलेले, अंगानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. सख्ख्या भावाशी जमिनीवरून फाटलं होतं. म्हणाले, "पूरी शादी रखो, बस मेरे भाई को निकाल दो." दिरांनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, "रीडिंग जो आई, वो आई. हम बदलते नहीं. भाई आया था, तो आया था." तो माणूस कॅसेट उचलून जिना हादरवत गेला. दोन महिन्यांनी परत आला. खाली माझ्या दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "रहने दो उसको भी. वैसे भी बारात में सबसे आगे वही नाच रहा था."

दिरांची मुलगी रायपूरला असते. ती घरात मराठी बोलते, पण अर्धं वाक्य झालं की हिंदीत उतरते. फोनवर तिचं नेहमीचं पालुपद, "पापा, तुमची कंबर दुखते, फिर भी दिनभर बैठे रहते हो. इथे दुकान आहे, सब उनको दे दो ना." ह्यांचं उत्तरही ठरलेलं. "दुकानवाला टेप लावून चहाले जाते."

तिचा जीव दुसऱ्याच एका कॅसेटीसाठी टांगलेला होता, आणि खरं सांगायचं तर माझाही. ती कॅसेट म्हणजे माझ्या जावेची, दिरांच्या बायकोची. वहीत तिला नंबरच नव्हता. मी विचारलं की दीर म्हणायचे, "वैनी, पंगतीत घरचे लोक शेवटी बसतात. आधी पाहुणे." ऐकायला छान. पण मी जन्मभर पंगती वाढल्या आहेत. शेवटच्या पंगतीला वरण पातळ आणि वांगी संपलेली असतात. आणि इथे तर संपायचं होतं ते मशीनच. व्हीसीआरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा त्याचा भाग, झिजत आलं होतं. नवं मिळत नाही. आतला पट्टा तुटला, तिथे ह्यांनी औषधाच्या दुकानातला रबर लावला होता. भिलई, दुर्ग, रायपूर, नागपूर, सगळीकडच्या भंगारवाल्यांना सांगून ठेवलं होतं, चालू मशीन कुठे दिसली तर कळवा. एकही दिसली नव्हती. रांगेत चाळीसवर कॅसेटी होत्या, आणि नवी आली की घरची अजून एक पाऊल मागे सरकायची.

त्या कॅसेटीत काय होतं ते सांगते. माझी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. तिला दिरांनी शिकवलं. चांगली वाचायला लागली, माझ्यापेक्षा भरभर. आमच्या दोघींचं फार पटायचं असं नाही, नळावरून आम्ही वीस वर्षं भांडलो, पण ती खोटं बोलायची नाही हे मी कोर्टातही सांगेन. एका वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात विहाराच्या महिला मंडळानं तिला भाषण करायला सांगितलं. दिरांनी तिला चार पानं लिहून दिली. रोज तिच्याकडून वाचून घेतली. प्लांटातल्या एका मित्राचा व्हिडिओ कॅमेरा मागून आणला, खांद्यावर घ्यायचा मोठा, आणि स्वतः शूटिंग करायला उभे राहिले. मी नव्हते. माझ्या घरी पोराला गोवर निघाला होता.

संध्याकाळी दोघं दोन रस्त्यांनी घरी आले. दीर म्हणाले, हिनं दोनशे लोकांसमोर माझी इज्जत काढली, म्हणाली माझ्या घरवाल्याला काही समजत नाही. जाऊ म्हणाली, पुढं काय म्हटलं तेही सांगा, मी तुमची तारीफ केली. दीर म्हणाले, पुढं तू काही बोललीच नाहीस. ती म्हणाली, बोलली. मी विहारातल्या दोघी-तिघींना विचारून पाहिलं. सगळ्या म्हणाल्या, छान बोलली. काय बोलली ते एकीलाही सांगता आलं नाही. जयंतीचं भाषण कोण ऐकतं, सगळ्यांचं लक्ष खिरीकडे असतं.

आता घरात कॅसेट आहे, लावून पाहिली की झालं. पण माझी जाऊ तशी नव्हती. तिनं ती आपल्या पेटीत टाकली आणि कुलूप लावलं. म्हणाली, "मी जित्ती हाय तंवर हे लावाची नाही. माह्या शब्दावर भरोसा असन तं ठेवा, नसन तं राहू द्या." आणि दीरही काही कमी नव्हते. मागितली नाही. पंधरा-सोळा वर्षं दोघं त्यावर भांडले. भाजीत मीठ कमी पडलं की ती म्हणायची, मला काय, माझ्या घरवाल्याला कुठे समजतं. ते म्हणायचे, बघा वैनी, तेच बोलली होती. मग ती आजारी पडली आणि गेली. त्यालाही बारा वर्षं झाली. तिची पेटी माझ्या खोलीत आहे. दर पावसाळ्यानंतर दीर खाली यायचे, चावी मागायचे, कॅसेट वर नेऊन पुसायचे, वाळवायचे, आणि परत आणून ठेवायचे. लावायचे नाहीत. पाहुणे आधी, म्हणायचे. मी चौथी शिकलेली असले तरी मला कळत होतं की पाहुण्यांचा काही संबंध नाही. ती खोटं बोलली असं निघालं तर त्यांना सोसलं नसतं, आणि खरं बोलली असं निघालं तर त्याहून नसतं.

गेल्या हिवाळ्यात मशीन कण्हायला लागली. टेप आत घेताना कुई असा आवाज. दीर दिवसातून दोनदा तिला उघडायचे, पुसायचे, मिटायचे. मी विचारलं, किती दिवस काढन? तर म्हणाले, "काय सांगू. आज हाय, उद्या नाही बी." आणि दुसऱ्या दिवशी ते पेन्शनसाठी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला बँकेत निघाले. जाताना मला खुर्चीवर बसवलं. वैशाली नगरच्या एका बाईंची कॅसेट टेबलावर काढून ठेवली, दहा वाजता लावा म्हणाले, आणि गेले.

मी दहा वाजेपर्यंत बसून विचार केला. मग खाली गेले, पेटी उघडली, जावेची कॅसेट आणली, आणि तीच लावली. चूक होती. वैशाली नगरच्या बाईंचा नंबर होता, आणि माझ्यावर विश्वास टाकून ते गेले होते. पण सगळ्या गावाची लग्नं वाचवून ह्या माणसाच्या हाताशी शेवटी भंगार उरलं असतं, ते मला पाहायचं नव्हतं.

मशीननं कुई केलं, टेप घेतली. चित्र आलं. हार घालणं, दिवा लावणं, पाहुण्यांची ओळख, सगळं खूप लांब. बँकेत गर्दी नसावी, कारण अजून पाहुणेच चालले होते तेवढ्यात दीर जिना चढून आले. दारात थांबले. पडद्यावर विहाराची भिंत होती, त्यांनी एका नजरेत ओळखली.

"वैनी, हे कावून लावली?"

"मशीन मराले टेकली म्हणून."

"नंबर कोणाचा होता?"

"वैशाली नगरवालीचा. बंद करा मंग."

मला माहीत होतं ते बंद करणार नाहीत. जुनी टेप मध्येच थांबवून परत चालवली तर ताण पडून तुटते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ते दाराला टेकून उभेच राहिले, हातात स्कूटरचं हेल्मेट तसंच. मी खुर्ची सोडली नाही.

मग माझी जाऊ आली. किती बारीक होती. निळं लुगडं, डोक्यावर पदर, हातात ती चार पानं. ओळीखाली बोट ठेवून वाचत होती, पोरं पाढे म्हणतात तसं. एक पान झालं. दुसऱ्या पानावर अडकली, तेच वाक्य दोनदा वाचलं, आणि मग तिनं कागद खाली केला.

"हे माह्या घरवाल्यानं लिहून देल्लं हाय. चांगलंच असन. पण मले समजून नाही राहिलं, आन् मले वाटते, त्याइलेबी काही समजत नाही."

लोक हसले. तेवढ्यात चित्र हललं, वाकडं झालं, धाडकन खाली आलं. पडद्यावर फरशी, खुर्चीचा एक पाय आणि चपलांची रांग.

"हे काय झालं?" मी विचारलं.

दीर हळूच म्हणाले, "इथून मी बाहेर गेलो, वैनी. कॅमेरा खुर्चीवर ठेवला आन् गेलो. बंद कराचा राहिला."

"कुठं गेले?"

"चहाले."

चपला दिसत होत्या आणि तिचा आवाज येत होता. माइक खरखरत होता, पण शब्द न् शब्द कळत होता. "हसू नका. थे ड्युटीहून याचे, हातपाय धुवाचे आन् पाटी घेऊन माह्यापुढं बसाचे. मी कणीक मळत अक्षर पाहाची. मी चिडाची, पाटी फेकाची. थे उचलून आणाचे. दोन पाट्या फुटल्या. थे काही बोलले नाही, तिसरी घेऊन आले. माह्या बापानं मले एकबी पाटी नव्हती आणली. मले एवढंच सांगाचं होतं. जय भीम."

टाळ्या वाजल्या. त्यानंतर बराच वेळ चपलाच होत्या. कोणी आपली जोडी शोधली, कोणी पायानं दुसऱ्याची सरकवली. मग चित्र उचललं गेलं, सरळ झालं, आणि माइकवर कोणी दुसरेच साहेब होते. बाहेर गेलेला माणूस चहा पिऊन आला होता. माझे दीर तिथेच जमिनीवर बसले, बुटांसकट, आणि टेप संपेपर्यंत बसून राहिले. त्या साहेबांचं भाषण चाळीस मिनिटं चाललं. आम्ही दोघांनी ते पूर्ण ऐकलं.

टेप संपल्यावर त्यांनी आधी फाइल बरोबर झाली का ते पाहिलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी नंबर तोडला, हे बरोबर नाही केलं." मी म्हटलं, नाही केलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः वैशाली नगरला जाऊन त्या बाईंना सांगून आले, की तुमच्याआधी आमच्या घरची कॅसेट लागली, माफी असावी. बाईंना काही कळलं नाही. तीस वर्षं जी माळ्यावर होती तिला एक दिवस इकडेतिकडे झाला तर काय, असं त्या म्हणाल्या असाव्यात. त्यांची कॅसेट त्या संध्याकाळपर्यंत झाली. मशीन अजून कण्हते, पण चालते.

फाइल रायपूरला पाठवली. मुलीचा फोन आला, रडत होती, आणि रडता रडता म्हणाली, "पापा, मम्मी तो दिख ही नहीं रही, कितना देर चपलाच दिसतात. एवढं कट करून तिचा जुना फोटो लावू ना तिथे?" हे म्हणाले, "नाही बेटा. थ्या चपला राहू दे." तिला वाटलं पापांचा नेहमीचा हट्ट आहे. मी काही सांगितलं नाही. ते सांगायचं तर त्यांनी सांगावं.

त्यानंतर आठ-दहा दिवस ते बूट न घालताच वर जायचे. एका सकाळी डबा घ्यायला खाली आले आणि माझ्या ओट्यापाशी उभे राहिले. मी पोळ्या करत होते. म्हणाले, "वैनी, ती खरं सांगत होती."

"मले माहीत होतं."

"मी हरलो."

"हो. हरले."

"पण हरलो, हे सांगू कोणाले? जिच्यासंगं भांडण होतं, तिनं तं ऐकाले पायजे ना."

माझ्या तोंडावर आलं होतं, की सोळा वर्षं ती रोज समोर बसून जेवत होती, तेव्हा एकदा तरी म्हणायचं, बरं बाई, तू म्हणतेस तसंच असेल. तेवढं पुरलं असतं तिला. दुसरं कोणी असतं तर मी म्हटलंही असतं. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि राहू दिलं. मी गॅस बारीक केला आणि म्हटलं, "मले सांगा. मी ऐकून राहिली."

ते पाटावर बसले आणि सांगायला लागले. पहिली पाटी कशी फुटली, तिथपासून.